अजून डोळे काढायचे राहिलेत

एक गाणं बसवायला आम्हाला वर्ष लागतं. किस्सा व्हायला नुसती पेणहून गाडी निघावी लागते. म्हणून आमच्या बँडची गाणी मोजकी आणि किस्से पोत्यानं. कंपनीत चहाला बसलो की कुणीतरी म्हणतंच, "चल, सांग एक." एक सांगितला की शेपटाला धरून दुसरा येतो, आणि सुपरवायझर घड्याळ बघायला लागतो.

मी रोह्याचा. धाटावला एका केमिकल कंपनीत शिफ्टला असतो आणि सुट्टीला बेस गिटार वाजवतो. बँड आहे म्हटलं की लोक विचारतात, "लग्नाच्या ऑर्डरी घेता काय?" नाही घेत. आमचं ब्लॅक मेटल. म्हणजे तोंडाला पांढरा-काळा रंग, ड्रम सुसाट, आणि गाणारा गळा फाडून ओरडतो. शब्द कळले तर समजायचं, आज गाणं फसलं.

बँडचं नाव 'अवस', म्हणजे अमावस्या. आम्ही तिघं. ओरडतो आणि गिटार वाजवतो तो सुध्या, पेणचा. त्याच्या घरचा गणपतीचा कारखाना. ड्रमवर सॅमी, माझ्या गल्लीतला, रोह्यातल्या उरल्यासुरल्या ज्यू घरांपैकी एक त्याचं. चौथा दिप्या. तो वाजवत नाही. पण इको गाडी त्याची आणि कॅमेराही त्याचा, त्यामुळं त्याच्या मर्जीशिवाय आमचं पान हलत नाही. दिप्याचा मूळ धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आणि आण्णा. सुध्याचे वडील. बँडशी त्यांचा काही संबंध नाही, पण त्यांच्याशिवाय यातली निम्मी गोष्ट कळायची नाही. आण्णा आखणीचे कारागीर. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. मूर्ती कुणी घडवू दे, अंगाला रंग कुणी मारू दे, डोळे आण्णांनीच काढायचे. नंतर त्यांच्या हाताला कंप सुटला. एका सकाळी त्यांनी ब्रश धुतला, सुध्याच्या हातात दिला आणि कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. तेव्हापासून मोजकंच बोलतात. सुध्याच्या आखणीला बरं म्हणत नाहीत, वाईटही म्हणत नाहीत. आमच्या गाण्याचंही तेच.

सुध्याचा जीव यातच अडकलेला. आपला एखादा लाइव्ह व्हिडिओ आण्णांनी शेवटपर्यंत बघावा, आणि बघून काहीतरी बोलावं. शिवी दिली तरी चालेल, म्हणायचा.

*

आमचा पहिला कार्यक्रम रोह्याला झाला, एका छोट्या हॉलमध्ये. एसटी स्टँडबाहेर पोस्टर लावलं होतं. काळ्यावर पांढऱ्या अक्षरात 'अवस', खाली वार आणि वेळ. आम्ही तोंडं रंगवून बसलोय, तेवढ्यात पिशवी घेतलेली एक मावशी सरळ आत आली.

"आवासचा साहेब कोण तुमच्यात?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मावशी खांब गावाच्या बाजूच्या एका वाडीतली. तिचं घरकुलाचं काम अडकलं होतं. पोस्टर वाचून तिला कुणीतरी सांगितलेलं की आवास योजनेवाले रोह्याला येतायत, जाऊन भेट.

सुध्या हात जोडून म्हणाला, "मावशे, आम्ही गाणी म्हणतो."

"म्हणा की. मी बसते. झाल्यावर सांगा माझ्या घराचं."

आणि बसली, पहिल्या रांगेत, पिशवी मांडीवर. मागची पोरं डोकी झटकतायत, सुध्या नरडं सोडतोय, आणि मावशी शांत. कार्यक्रम संपल्यावर उठून त्याच्याजवळ आली.

"काय बोललास ते एक कळला नाय. पन ओरडतोस बरा. सोमवारी माझ्यासंगं ग्रामपंचायतीत चल. थितं असाच ओरड."

सुध्या गेला. आता मावशीला घर मिळालंय. तो म्हणतो, मी तिथं नुसता उभा होतो.

*

सराव कारखान्यातच चालतो. गणपती गेले की जागा रिकामी होते, थोडे दिवस आमची चैन. पण मूर्त्यांचं काम सुरू झालं की मांडण्या भरत जातात आणि आम्ही कोपऱ्यात सरकत जातो. आवाज किती ठेवायचा याला आमच्याकडं मीटर नाही. आण्णा दारातून न वळता सांगतात, "मुकुट हलतायत." की आम्ही आवाज कमी करायचा.

आषाढ लागला की बँड बंद. सुध्याला जेवायला फुरसत नसते. हे बाहेरच्यांना समजावणं म्हणजे डोक्याला ताप. एकदा पुण्याच्या एका आयोजकाचा फोन आला, श्रावणात मोठा कार्यक्रम आहे, याच. सुध्या आखणीला बसलेला. फोन स्पीकरवर ठेवला आणि हातातलं काम न थांबवता बोलत राहिला.

"नाय जमणार दादा. डोळे चाललेत."

"अरे बापरे. डोळे आलेत का? साथ आहे सध्या."

"आले नाय हो. काढतोय."

"काय काढतोय?"

"डोळे. सकाळपासून तेच. एका खोलीतले झालेत. अजून दुसऱ्या खोलीतले काढायचे राहिलेत."

मग आयोजक हळूच म्हणाला, "भाऊ, बाकीचे बँड नुसतं गाण्यात बोलतात."

त्यानंतर त्या माणसानं आमच्याशी कधी मानधनाची घासाघीस केली नाही.

*

आमची तोंडं सुध्याच रंगवतो. मूर्तीचा रंग तोंडाला चालत नाही, म्हणून नाटकवाल्यांच्या दुकानातून पाण्यानं निघणारा रंग आणतो. पण सुध्याचा हात बसतो तो फक्त कारखान्यात. त्याच स्टुलावर, त्याच ट्यूबलाइटखाली. त्यामुळं कार्यक्रम पुण्याला असला तरी तोंडं पेणलाच रंगवून निघायचं.

एकदा खोपोलीच्या अलीकडं पोलिसांनी गाडी अडवली. हवालदारानं आत डोकावून बघितलं. मागं आम्ही तिघं पांढरेफटक, पुढं दिप्या साधा.

"कुठलं नाटक?"

"नाटक नाय साहेब, गाणी," सॅमी म्हणाला.

"मग हे राक्षस कशाला?"

"गाणीच तसली आहेत साहेब."

हवालदारानं आम्हाला परत निरखून बघितलं. सुध्याकडं जरा जास्तच. मग म्हणाला, "राक्षस म्हणावं तर चेहरे पवित्र वाटतात रे तुमचे. जावा."

आम्ही हसलो. सुध्या मात्र पुण्यापर्यंत फोनच्या काचेत आपलं तोंड बघत राहिला.

कारण हवालदाराचं बरोबर होतं. लहानपणापासून आण्णांनी सुध्याला एकच शिकवलेलं, माणूस कुठंही उभा राहू दे, डोळ्यातली माया त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. हात तसाच वळलेला. सुध्या आमच्या डोळ्यांभोवती काळं फासायला जायचा आणि उतरायचे ते प्रेमळ डोळे. पहिला लाइव्ह व्हिडिओ टाकला तेव्हा खाली परदेशातल्या कुणीतरी लिहिलं, यांच्याकडं बघून आईला फोन करावासा वाटला. पुण्यात तर काळा शर्ट घातलेला एक केसाळ पोरगा स्टेजजवळ येऊन म्हणाला, "दादा, गेला आठवडा फार वाईट गेला होता. तुम्हाला बघून बरं वाटलं."

सुध्यानं त्याला मिठी मारली, आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "आता काय करू रे? माझ्या हाताला भीती काढताच येत नाय."

*

सॅमी शनिवार पाळतो. शुक्रवारी दिवस मावळला की काम बंद, शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की सुटका. आणि मेटलचे कार्यक्रम हमखास शनिवारी. एकदा मुंबईला आमचा नंबर ऐन संध्याकाळी लावला. वेळ झाली, सॅमी खुर्ची टाकून आभाळाकडं बघत बसलेला. आता मुंबईच्या आभाळात चांदण्या कुठून आणायच्या? नुसता धूर आणि उजेड.

आयोजक घायकुतीला आला. "कशाची वाट बघतोय हा?"

मी म्हटलं, "ताऱ्यांची."

तो दोन पावलं मागं गेला.

शेवटी सॅमीनं रोह्याला आईला फोन लावला. ती गच्चीवर गेली. आम्ही सगळे फोनभोवती उभे, आयोजकही.

"एक दिसते," सॅमीची आई म्हणाली. "दुसरी पन हाय. तिसरी… थांब, ते विमान हाय." आयोजकही मान वर करून आभाळात बघायला लागला. मग, "हां, दिसली. वाजव बाबा. आन जेवून घे."

आमच्या पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत आयोजकानं परस्पर वाढवलं, 'तारे पाहूनच वाजवणारा बँड'. सॅमीच्या आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "माझा नाव नाय टाकला?"

*

आता दिप्या. दिप्या माणूस सोन्यासारखा, पण अवसेच्या दिवशी गाडी बाहेर काढत नाही. बँडचं नाव अवस, आणि अवसेला कार्यक्रम करायचा तर ड्रायव्हर नाही. गाडीवर त्यानं आमचं स्टिकर लावलंय, आणि स्टिकरवर लिंबू-मिरची.

दुसरा लाइव्ह व्हिडिओ शूटही त्यानंच केला आणि एडिटही. आम्ही म्हटलं, जसा करशील तसा कर, चांगलाच होणार. लगीनसराई चालू होती, बिचारा एका वेळी चार लग्नं कापत बसलेला. रात्रपाळी करून मी घरी आलो तेव्हा व्हिडिओ इंटरनेटवर पडलाही होता.

आमचं सगळ्यात भयानक गाणं 'खड्डा'. मुंबई-गोवा हायवेवर आहे ते, मनापासून लिहिलेलं. त्यात सुध्या जिथं पहिल्यांदा किंचाळतो, तिथं पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. हळूहळू, तिरक्या. त्यातून सॅमीचा चेहरा बदामाच्या आकारात उगवला. गाण्याच्या मधोमध कॅमेरा स्टेज सोडून मागं गेला आणि वडापाव खाणाऱ्या एका काकांवर थांबला. काका लाजले, कॅमेऱ्याकडं बघून हसले, परत खायला लागले. लग्नात जेवणाऱ्यांचं शूटिंग केलं नाही तर वरपक्ष भांडतो, म्हणून दिप्याला ती सवयच. आणि शेवटी, सगळा अंधार झाल्यावर, सोनेरी अक्षरात, 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर'.

मी दिप्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे, काकांचा शॉट फोकसमध्ये आलाय बघ."

व्हिडिओ काढून टाकावा म्हटलं तर तोपर्यंत लोक त्यावर तुटून पडलेले. आमचं बाकी काही एवढं चाललं नाही. लोकांना वाटलं, आम्ही मुद्दाम केलंय.

पण सुध्यानं हाच व्हिडिओ आण्णांना दाखवायला घेतलेला. माझ्यासमोरच. आण्णांनी फोन लांब धरून बघितला. हात हलत होता, म्हणून सुध्यानं खालून आधार दिला. पाकळ्या पडून झाल्या तसा आण्णांनी फोन परत दिला.

"फुलं बरी आहेत," म्हणाले, आणि दाराबाहेर बघायला लागले.

सुध्या आत जाऊन नुसताच ब्रश धूत बसला. मला त्याचं इतकं वाईट वाटलं की काय सांगू. धुतलेलाच ब्रश परत परत धूत होता.

*

आता शेवटचा सांगतो आणि पाळीला जातो.

आमचा नवा लाइव्ह व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. त्याच्या सुरुवातीला, पहिल्या ठोक्याच्या आधी, एक म्हातारा आवाज ऐकू येतो. परदेशातले लोक अजून विचारतात, हा कुठला मंत्र आहे. कुणी म्हणतं शाप आहे. एकानं तर अर्थ लावून पानभर लिहिलंय. त्याचं झालं असं.

कार्यक्रम पुण्याला होता. ठरलेलं, यावेळी शूटिंग नीट करायचं, पाकळ्या नाहीत, काका नाहीत. निघायच्या दिवशी दुपारी आम्ही कारखान्यात जमलो. सुध्यानं स्टूल घेतलं, रंग कालवला, ब्रश उचलला. मग तसाच उठला आणि दारात आण्णांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला.

"आण्णा, आज तुम्ही काढा. आमचे डोळे."

आण्णांनी उजवा हात वर करून दाखवला. "ह्यो बघतोस ना? हलतो."

"हलू दे. आमाला तसेच पायजेत."

आण्णा परत दाराबाहेर बघायला लागले. आम्हाला वाटलं, विषय संपला. मग त्यांनी खिसे चाचपले आणि विचारलं, "चष्मा कुठं ठेवलाय माझा?"

पहिला नंबर माझा. डाव्या हातानं हनुवटी धरली आणि ब्रश टेकवला. रेघ सरळ जाईना, थरथरत जायची. मी डोळे मिटून बसलो. मग सॅमी. त्याच्या वेळी आण्णा वैतागून म्हणाले, "हलू नको रे."

सॅमी म्हणाला, "आण्णा, मी नाय हलत. तुम्ही हलताय."

आणि आण्णा हसले. ब्रश बाजूला धरून, खांदे हलेपर्यंत हसले. सुध्यानं त्यांना असं हसताना किती दिवसांनी बघितलं कोण जाणे. तो तोंड फिरवून उभा राहिला.

सुध्याचे डोळे शेवटी. त्याला सगळ्यात जास्त वेळ लावला. झाल्यावर आम्ही तिघांनी आरशात बघितलं आणि मी खरं सांगतो, मला माझीच भीती वाटली. रेघ न रेघ फाटलेली, थरथरलेली, काहीतरी बघून आलेल्या माणसासारखे डोळे. सुध्या जे इतकी वर्षं शोधत होता, ते हेच.

आम्ही उठायला लागलो तर आण्णा म्हणाले, "थांबा." आत गेले आणि रुमाल घेऊन आले. तुम्हाला माहीतच आहे, मूर्ती घरी न्यायची तर तोंड झाकून न्यायची आणि जागेवर बसल्यावरच उघडायची. त्यांनी एकेकाच्या तोंडावर रुमाल टाकला आणि मागं गाठ मारली.

"जागेवर बसल्याबिगर उघडायचं नाय."

त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती? आणि ते थांबले नाहीत. पायात चपला घातल्या आणि दिप्याच्या शेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसले. घाटात दर वळणाला त्यांचं चाललेलं, "हळू घे. मागं माल हाय."

खोपोलीच्या अलीकडं गाडी परत अडवली. आवाजावरून हवालदार तोच. मागं तीन माणसं तोंड झाकून बसलेली. आमच्यापैकी कुणी तोंड उघडायच्या आत आण्णा म्हणाले, "मूर्त्या आहेत. पेणच्या."

हवालदार म्हणाला, "न्या, न्या. सावकाश न्या." दिप्या म्हणतो, त्यानं हात जोडले होते. मला दिसलं नाही.

पुण्याचा हॉल गच्च. दिप्या कॅमेऱ्यामागं गेला. आम्हाला आण्णांनीच हाताला धरून स्टेजवर नेलं आणि एकेकाला जागेवर उभं केलं, सॅमीला बसवलं. रुमालातून मला नुसता लाल उजेड दिसत होता. आयोजकाला वाटलं, ही आमची नवी स्टाइल.

आण्णांनी आधी सॅमीचा रुमाल काढला, मग माझा. शेवटी सुध्याचा. पुढच्या रांगेतली पोरं तिघांचे डोळे बघून खरंच मागं सरकली. आणि रुमाल काढून झाल्यावर, जन्मभराची सवय, आण्णांच्या तोंडून निघालं, "गणपती बाप्पा…"

समोरचे सगळे काळे शर्ट, साखळ्या, कवट्या, एका दमात ओरडले, "मोरया!"

सॅमीनं काठ्या वर उचलल्या. आता सुध्यानं किंचाळायचं, मग आम्ही सुरू करायचं. सुध्या किंचाळेना. तो आण्णांकडं बघत उभा, ओठ थरथरतायत. आण्णा स्टेजवरून उतरायला वळले होते. ते परत आले, त्याच्या अगदी जवळ. माइक चालू होता, ते त्यांना माहीत नव्हतं. व्हिडिओच्या सुरुवातीला ऐकू येतं ते हे.

"सुधीर, पाण्याचा रंग हाय. रडू नको."